वस्तूंचा हिशोब ठेवायचा का? ठेवायचा, पण बाण मोजत बसू नका

प्रश्न थोडक्यात असा आलाय. बेळगाव, निपाणी आणि खानापूर अशी रोल-प्लेइंग गेमची, म्हणजे फासे टाकत एकेक पात्र बनून गोष्ट खेळायची, तीन टेबलं, कॅम्पेन (म्हणजे पुढे पुढे चालणारी गोष्ट) एकच, प्लेयर वीसेक, आणि कुणीही आपलं कॅरेक्टर घेऊन कुठल्याही टेबलवर जाऊन बसू शकतो. निपाणीचा जीएम, म्हणजे टेबलवर खेळ चालवणारा गेम मास्टर, म्हणतो कॅरेक्टरकडच्या प्रत्येक वस्तूची नोंद पाहिजे, कधी घेतली, कितीला घेतली, सही कुणाची, अगदी दोरी आणि बाण सुद्धा. खानापूरचा म्हणतो हे सगळं बंद करा, आम्ही खेळायला येतो, तलाठ्याकडे उतारा काढायला नाही. आणि बेळगाववाले दोघांच्या मधे अडकलेत, म्हणून मला विचारलंय की ऑर्गनाइझ्ड प्ले मधे, म्हणजे असा बऱ्याच टेबलांवर मिळून एकच खेळ चालतो तिथे, हे कागद खरंच लागतात का.

मी टिळकवाडीत एका मित्राच्या गच्चीवरच्या खोलीत सुरुवात केली, तेव्हापासून असे दोन खेळ चालवलेत, पाथफाइंडर पण आणि डंजन्स अँड ड्रॅगन्स म्हणजे डी अँड डी ची पाचवी एडिशन पण, घरचं टेबल पण आणि पुणे-बेंगळूरला जाऊन अनोळखी लोकांसमोर पण. त्यामुळे सांगतो ते अनुभवाचं समजा, नियम म्हणून नाही.

आधी हे लक्षात घ्या की दोन्ही जीएम आपापल्या टेबलापुरते बरोबर आहेत. खानापूरला तेच पाच जण दर रविवारी बसत असतील तर कागदाची गरज शून्य, कारण जीएमच्या डोक्यातच सगळं असतं, कुणाकडे काय आहे ते त्यानेच दिलेलं असतं. पण ज्या दिवशी त्यातला एक जण निपाणीला जाऊन बसतो त्या दिवशी समोरच्या जीएमने मागच्या आठ महिन्यांतलं काहीच बघितलेलं नसतं. कागद त्या माणसासाठी असतो. प्लेयरवर विश्वास नाही म्हणून कागद, असं जे लोक धरून बसतात ना तिथूनच भांडण सुरू होतं.

आमच्या गल्लीतल्या मंडळाची भांडी आहेत, लग्नाकार्याला देतात, तुमच्याकडे पण असतील. त्याची वही कधी बघितलीय का? मोठी पातेली, कढया, पराती एकेक करून लिहिलेल्या, प्रत्येकावर मंडळाचं नाव कोरलेलं आणि खाली नंबर. ताटं वाट्या मात्र नुसत्या डझनावर, बारा डझन नेली, अकरा डझन आणि दहा आली, दोनचे पैसे द्या, विषय संपला. आणि मीठ-मसाला? ते वहीत येतच नाही, कुणी विचारत पण नाही. ही वही ज्याने पहिल्यांदा आखली त्याने कुठलीही रूलबुक वाचलेली नव्हती पण त्याला जे कळलं ते बऱ्याच कॅम्पेन चालवणाऱ्यांना कळत नाही, की सगळ्या वस्तू एका मापाने लिहायच्या नसतात.

आता बाहेर लोकांनी काय काय करून बघितलंय ते सांगतो कारण हा वाद काय तुमच्यापासून सुरू झालेला नाही. आरपीजीए नावाची डी अँड डी खेळणाऱ्यांची संघटना १९८० ची, त्यांनी १९८७ ला लिव्हिंग सिटी सुरू केली, एक शहर आणि सगळीकडच्या टेबलांवर तेच शहर. तिथे जादूच्या वस्तूला सर्टिफिकेट मिळायचं, छापील कागद, तो कागद जवळ असेल तर वस्तू तुमची, नसेल तर नाही. म्हणजे पातेल्यावर कोरलेलं नावच म्हणा. मग २००० ते २००८ लिव्हिंग ग्रेहॉक चाललं, प्रचंड मोठं, खऱ्या जगातली राज्यं आणि देश खेळातल्या प्रदेशांना जोडलेले, तिथे पण सुरुवातीला वस्तूंची सर्टिफिकेटं होती आणि नंतर ती जाऊन प्रत्येक ॲडव्हेंचरचा एकच कागद आला, एआर म्हणायचे त्याला, ॲडव्हेंचर रेकॉर्ड, त्यात त्या दिवशीचं सगळंच, किती सोनं, कुठल्या वस्तू विकत घ्यायची मुभा मिळाली, सगळं. वस्तूला कागद देण्यापेक्षा दिवसाला कागद द्यायचा. मला विचाराल तर हा बदल फार शहाणपणाचा होता, कारण माणूस वस्तू हरवत नाही, माणूस कागद हरवतो, आणि वीस वस्तूंचे वीस कागद सांभाळणारा प्लेयर मी अजून बघितलेला नाही.

पाथफाइंडर सोसायटी, म्हणजे पाथफाइंडरचं ऑर्गनाइझ्ड प्ले, २००८ ला सुरू झाली, त्यांनी तीच पद्धत पुढे नेली, क्रॉनिकल शीट. खेळ संपला की जीएम भरून सही करून द्यायचा. त्यात एक गंमत आहे जी तुमच्या कॅम्पेनला थेट लागू पडेल. सिनॅरिओमधे सापडलेली तलवार त्या दिवसापुरती वापरा, पण शेवटी सगळी लूट विकली असं धरायचे, सगळ्यांना सारखं सोनं, आणि ज्याला ती तलवार पाहिजे त्याने क्रॉनिकलवरच्या यादीतून आपल्या सोन्याने विकत घ्यायची. त्यामुळे वस्तू कुणाला यावरून भांडणच होत नाही, पाहिजे तर सहाच्या सहा जणांनी तीच तलवार घ्या. पण मग झालं असं की कुणी काय कधी घेतलं हे शोधायला तीस-तीस क्रॉनिकल उलटायला लागायचे, म्हणून २०१३ च्या सुमाराला वेगळी इन्व्हेंटरी ट्रॅकिंग शीट आणली, २५ जीपी (गोल्ड पीस, खेळातली सोन्याची नाणी) च्या वरची प्रत्येक खरेदी तिथे लिहायची. त्यावर लोकांनी काय बोंब मारली! आणि बोंब मारणारे सगळे चीटर नव्हते, वर्षानुवर्षं नीट खेळणारे लोक होते, त्यांचं म्हणणं एकच की मी इथे चार तास मजा करायला येतोय आणि तुम्ही मला स्टॉक रजिस्टर देताय.

डी अँड डी वाल्यांची ॲडव्हेंचरर्स लीग २०१४ ची. तिथे लॉगशीट प्लेयरने स्वतः भरायची, जीएमचा मेंबर नंबर टाकायचा, सही वगैरे कटकट कमी. पण जादूची वस्तू टेबलवर एकच निघायची, ज्याच्याकडे कायमच्या जादूच्या वस्तू सगळ्यात कमी त्याला पहिला मान, बरोबरी झाली की फासे. म्हणजे बघा, तुझ्याकडे किती वस्तू आहेत हा आकडा खोटा असेल तर शेजारच्याचं नुकसान होतंय, म्हणून तिथे मोजणं भाग होतं. पुढे २०१८ ला आठव्या सीझनमधे त्यांनी सगळंच मोडून नवीन केलं, सोनं सापडणं बंद, एक्सपी म्हणजे अनुभवाचे गुण बंद, त्याऐवजी चेकपॉइंट नावाचे गुण, आणि सापडलेली वस्तू ज्याला पाहिजे त्याने पॉइंट देऊन घ्यायची. कागदाचं गणित सोपं झालं पण लोकांना गुहेतून सोन्याची पेटी उचलल्याचं सुखच मिळेना, पुढच्याच वर्षी बरंच परत फिरवावं लागलं. हिशोब सोपा करण्यासाठी खेळातली गोष्टच काढून टाकली तर खेळायचं कशाला, एवढंच त्यातून मी घेतलं.

आता मुद्द्याची गोष्ट, आणि ही बऱ्याच वेळा कुणी सांगत नाही. किती कागद लागणार हे तुमच्या स्वभावावर नाही, तुम्ही कुठली सिस्टीम खेळताय त्यावर आहे.

पाथफाइंडरच्या पहिल्या एडिशनमधला क्युअर लाइट वूंड्सचा वाँड घ्या, म्हणजे जखम भरणारी जादूची काठी. ७५० जीपी, आत ५० चार्ज म्हणजे ५० वेळचा वापर, एकदा वापरला की तो चार्ज कायमचा गेला, परत भरत नाही. म्हणजे एक चार्ज १५ जीपी ला पडला, आणि तोच इलाज पोशनने म्हणजे जादूच्या औषधाने करायला गेलात तर ५० जीपी. म्हणून तिथे प्रत्येक शहाण्या कॅरेक्टरकडे हा वाँड असतोच, आणि आज निपाणीला नऊ चार्ज गेले हे पुढच्या महिन्यात बेळगावच्या टेबलला कळायलाच पाहिजे, नाहीतर ती काठी म्हणजे अक्षयपात्र होतं. ५० चौकोन काढायचे आणि वापरला की काट मारायची, याच्याशिवाय दुसरा मार्ग नाही. पाचव्या एडिशनमधे मॅजिक मिसाइलचा वाँड ७ चार्जचा, आणि रोज पहाटे १ डी ६ अधिक १, म्हणजे सहा बाजूंच्या फाशावर पडेल त्यापेक्षा एक जास्त, इतके चार्ज परत येतात. दोन सेशनच्या मधे तुमचं कॅरेक्टर आठवडाभर विश्रांती घेतंय, म्हणजे पुढच्या टेबलवर बसताना तो भरलेलाच आहे. तिथे चार्जचा हिशोब टेबल उठलं की संपला, कागदावर नुसतं वाँड आहे एवढं लिहा. दोन्ही वाँडच, पण एका खेळात तिला वही लागते आणि दुसऱ्यात लागत नाही.

सोन्याचं पण तसंच. पाथफाइंडरच्या पहिल्या एडिशनमधे सोनं म्हणजे सरळ ताकद, अधिक एकचं (म्हणजे मारताना एक जास्त धरायचा असं) शस्त्र करायला जादूचे २००० जीपी, अधिक दोनला ८०००, अधिक तीनला १८०००, आणि सगळं दुकानात मिळतं. तिथे ज्याने चुकून दोन हजार जास्त धरले त्याने फुकटात एक पायरी वर चढून घेतली. वर माणूस मेला तर परत उठवायला ५४५० जीपी, आणि ते टेबलवर त्याच क्षणी ठरवायचं असतं, जीएमला घाई, बाकीचे घड्याळ बघतायत, शेवटची बस गाठायची आहे आणि हा आपला मोबाइलमधे शोधतोय की माझ्याकडे नक्की किती आहेत. तेव्हा वहीतल्या शेवटच्या ओळीची किंमत कळते. पाचव्या एडिशनमधे प्लेट आर्मर म्हणजे सगळ्यात भारी चिलखत १५०० जीपी, ते एकदा घेतलं की पुढे सोन्याचं करायचं काय हाच प्रश्न असतो, विझर्ड म्हणजे जादूगार सोडला तर. त्यामुळे तिथे कुणाकडे ३४०० आहेत की ३६०० यावर अर्धा तास वाद घालणाऱ्या जीएमला मी हात जोडतो. तिथे खरी मर्यादा अट्यूनमेंटची, म्हणजे जादूची वस्तू स्वतःशी जोडून घ्यायची आहे, तीनच्या वर नाही, म्हणजे अट्यूनमेंट लागणाऱ्या दहा वस्तू पिशवीत असल्या तरी कामाच्या तीनच.

म्हणून माझा निपाणीच्या जीएमला पहिला प्रश्न हा की तुम्ही चालवताय काय? पाचवी एडिशन असेल तर त्याची वही निम्म्याने बारीक होईल.

माझ्याकडून झालेली एक मोठी चूक सांगतो, कारण आपल्या भागात ही होणारच. आमच्या एका कॅम्पेनमधे चिक्कोडीकडचं एक टेबल होतं, तिथला जीएम कन्नडमधे लिहायचा, टेबलवर बोलणं निम्मं मराठी निम्मं कन्नड, कुणालाच काही अडचण नव्हती. एका पोराला फायरबॉलचा वाँड मिळालेला. माझ्या टेबलवर मी त्याच्या वहीत लिहिलं होतं आगीची काठी, कारण आम्ही गमतीत तसंच म्हणायचो. तिकडच्या जीएमने पुढच्या पानावर आपल्या भाषेत लिहिलं बेंकी कोलू, अर्थ तोच. पण त्याने ती नवीन ओळ म्हणून लिहिली. दोन महिन्यांनी तो पोरगा तिसऱ्याच टेबलवर बसला, तिथल्या जीएमला वाटलं ह्या दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि लेव्हल सहाचं कॅरेक्टर दोन फायरबॉलचे वाँड घेऊन त्यांच्या बॉसवर तुटून पडलं. दुसऱ्या राउंडला बॉस कोळसा. तिथला जीएम मला रात्री अकराला फोन करून म्हणतो, "हे काय लिवलंय ओ, ह्याला दोन-दोन कशाला दिलात?" पोरगा बिचारा खरं बोलत होता, "दादा, वहीत दोन आहेत म्हणून वापरले." आणि होते पण. दोन्ही ओळींच्या खाली सही, एक माझी. मी वाचलंच नव्हतं, शेवटच्या गडबडीत पान उलटून सही मारलेली.

त्यात फसवणूक कुणाचीच नव्हती. रेशन कार्डावर नाव एक, उताऱ्यावर स्पेलिंग दुसरं आणि बँकेत तिसरं, हे आपण जन्मभर बघतोय, तसाच प्रकार. तेव्हापासून माझा नियम असा की वस्तूचं नाव रूलबुकात जसं आहे तसंच लिहायचं, लिपी कुठली पण चालेल, देवनागरी लिहा, कन्नड लिहा, इंग्रजी लिहा, पण उच्चार रूलबुकाचा. वाँड ऑफ फायरबॉल्स. टेबलवर त्याला आगीची काठी म्हणा, चूल म्हणा, काय पाहिजे ते म्हणा. आणि दुसरं म्हणजे नवीन वस्तू आणि जुनी वस्तू एकाच यादीत ओतायची नाही. वही उलटी करून शेवटच्या पानावर कायमच्या वस्तूंची यादी ठेवायची, तिथे एक वस्तू एकदाच येते आणि तिच्यापुढे कुठल्या तारखेला कुठल्या टेबलवर मिळाली ते. बाकी रोजचं पुढच्या पानांवर.

रोजचं म्हणजे कसं, तर सोसायटीच्या पासबुकासारखं, एका सेशनला एक ओळ. उदाहरणार्थ, १४ जुलै, खानापूर, मागची शिल्लक ३१२, आले ८०, गेले ५०, पोशन एक घेतली, शिल्लक ३४२, आणि पुढे जीएमची छोटी सही. बास. त्या दिवशी काय मारलं, कुणी काय बोललं, राक्षसाचं नाव काय, हे लिहायची हौस असेल तर वेगळी डायरी ठेवा, मी पण ठेवतो, पण हिशोबाच्या ओळीत ते आलं की पुढच्या जीएमला आकडा सापडत नाही. शिल्लक प्रत्येक ओळीला काढलीच पाहिजे हे मात्र मी ठासून सांगतो. बरेच जण नुसतं आले ८०, गेले ५० लिहितात आणि शेवटी एकदम बेरीज करू म्हणतात, ती शेवटची बेरीज कधीच होत नाही, किंवा होते तेव्हा तीन जणांची तीन उत्तरं येतात.

पोशन आणि स्क्रोल (एकदाच चालणारा मंत्राचा कागद) ही ताटं-वाट्या आहेत, आकड्यावर ठेवा. हीलिंग पोशन ४, त्यातल्या दोन प्यायल्या की चारवर काट मारून २. कुठल्या टेबलवर कुठली प्याली याची कुणाला काही पडलेली नसते. पण आकडा मात्र ठेवाच, कारण संपणारी वस्तू लोक सगळ्यात जास्त विसरतात, आणि गंमत म्हणजे दोन्ही बाजूंनी विसरतात. आमच्यातला एक जण आहे, त्याच्याकडे इन्व्हिजिबिलिटीची पोशन तीन वर्षं पडून होती, कॅरेक्टर दोनदा मरता मरता वाचलं, आणि ह्याला आठवणच नाही की आपल्याकडे पोशन आहे. वही नसल्याने लोक जास्त वापरतात असं सगळ्यांना वाटतं, माझ्या बघण्यात लोक कमी वापरतात.

आणि बाण, दोरी, मशाल, कोरडी शिदोरी, बेडरोल, हे सगळं मीठ-मसाला. लिहू नका. निपाणीवाल्यांनो, मनापासून सांगतो, लिहू नका. २० बाण एक जीपी ला मिळतात, ज्या कॅरेक्टरकडे चार हजार जीपी आहेत त्याचे बाण मोजणं म्हणजे तंबाखूच्या वखारीत चिमूट मोजण्यासारखं आहे. अपवाद एकच, ॲडव्हेंचरच जर उपाशी तहानलेलं, वाळवंटात किंवा जंगलात अडकलेलं असेल तर त्या दिवसापुरते बाण पण मोजा, पाणी पण मोजा, त्यातच मजा आहे, पण ते त्या टेबलवर सुरू करून त्याच टेबलवर संपवा, वहीत आणू नका. चांदीचे किंवा जादूचे बाण वेगळे, ते पोशनसारखे आकड्यावर. वजनाचं पण असंच. पाचव्या एडिशनमधे ताकदीच्या पंधरा पट पौंड उचलता येतात आणि ५० नाणी म्हणजे एक पौंड, हे गणित कुणी तरी दोन माणसांइतकी नाणी पाठीवर घेऊन डोंगर चढायला लागला की काढा, एरवी राहू दे.

पाथफाइंडरवाल्यांची २५ जीपी ची रेघ मला आवडते, ती तशीच उचला. त्याच्या खालचं काही लिहायचं नाही, वरचं एक पण सोडायचं नाही. रेघ कुठे मारली यापेक्षा तिन्ही टेबलांवर एकच रेघ आहे हे महत्त्वाचं, नाहीतर खानापूरहून आलेल्याची वही कोरी आणि निपाणीहून आलेल्याची चोपडी, आणि बेळगावचा जीएम दोघांकडे संशयाने बघणार.

वस्तूंची अदलाबदल हा एक वेगळा त्रास आहे, तो आधीच ठरवून टाका. ॲडव्हेंचरर्स लीगमधे पहिली काही वर्षं कायमची वस्तू एकास एक, एकाच रॅरिटीची म्हणजे सारख्याच दुर्मिळ दर्जाची, अशी बदलता यायची, आणि दोघं एकाच टेबलवर नसतील तर १५ दिवस डाउनटाइम, म्हणजे दोन खेळांमधले कॅरेक्टरचे मोकळे दिवस, खर्ची पडायचा. पोशनसारख्या संपणाऱ्या वस्तू बदलायच्या नाहीत. तुमच्यासारख्या छोट्या कॅम्पेनला हे एवढं पुरे आहे. ज्या दिवशी बदललं त्या दिवशी दोघांच्या वहीत ओळ पडायला पाहिजे, एकाकडे गेली आणि दुसऱ्याकडे आली, आणि दोन्ही ठिकाणी समोरच्याचं नाव. एकाच वहीत लिहिलं की आमच्या काठीसारखं होतंय.

चीटिंगचं काय, हे पण विचारलंय. खरं सांगू का, ज्याला करायचंच आहे तो वहीत पण करतो, सही काय, पेन सगळ्यांकडे असतं. इतक्या वर्षांत मुद्दाम करणारे मला दोन-तीनच भेटले, आणि ते पकडले गेले ते कागदामुळे नाही, तर त्यांच्या बरोबर खेळणाऱ्यांना आठवत होतं की ही वस्तू त्या दिवशी दुसऱ्यानेच घेतली. बाकी सगळी चूक विसरण्याची, नाहीतर बेरजेची. म्हणून वही बघताना जीएमने पोलिसासारखं बघू नये, पहिल्या दोन मिनिटांत शेवटचं पान बघा, सगळ्यात जड तीन वस्तू कुठल्या ते विचारा, आणि पुढे चला. जीएमला ते स्वतःच्या तयारीसाठी पण पाहिजे असतं, समोरच्या पार्टीत उडणारा कोण आहे, फायरबॉल कुणाकडे आहे हे आधी कळलं तर बॉस दुसऱ्या राउंडला कोळसा होत नाही. मी हे आता सेशनच्या सुरुवातीला करतो, चहा यायच्या आत. पूर्वी शेवटी करायचो आणि चार तासांच्या स्लॉटमधली वीस मिनिटं त्यात जायची, म्हणजे बारावा हिस्सा खेळ गेला, आणि तो पण क्लायमॅक्सचा. शेवटी फक्त एवढंच, जीएम मोठ्याने वाचतो, सोनं इतकं, वस्तू ह्या, आणि सगळे आपापली ओळ आपणच लिहितात, वह्या गोल फिरतात, सही करून परत. सहा जणांचं पाच मिनिटांत होतं, पण सही करायच्या आधी वाचा, माझ्यासारखं करू नका.

वही की मोबाइल? तुमच्यातल्या कुणी तरी ऑनलाइन शीट करू म्हटलंय, करा की, पण खानापूरच्या पुढे जंगलाच्या बाजूला कुणाच्या फार्महाउसवर बसलात तर रेंज गेली की शीट गेली, आणि दोघांनी एकदम उघडून बदललं की कुणाचं खरं हे शोधत बसायचं. वहीचा शत्रू म्हणजे आपला पाऊस. जुलैत खानापूरहून गाडीवरून येताना माझी स्वतःची फाइल, वर रेनकोट, आत प्लॅस्टिकची पिशवी, तरी भिजली, शाईच्या पेनाने लिहिलेलं सगळं निळं पाणी झालं, दीड वर्षाचं कॅरेक्टर. तेव्हापासून बॉलपेन आणि दर सेशनला त्या पानाचा एक फोटो काढून व्हॉट्सॲप ग्रुपवर. त्यासाठी वेगळाच ग्रुप करा ज्यात फोटोशिवाय काही टाकायचं नाही, गुड मॉर्निंग नाही, मीम नाही, नाहीतर पाहिजे तेव्हा सापडत नाही. फोटोवर कॅरेक्टरचं नाव टाइप केलेलं असलं की सर्च केल्यावर सगळी पानं एका खाली एक येतात. वही हरवली तर शेवटचा फोटो हीच वही, यावर कुणी वाद घालायचा नाही असं आधीच ठरवून ठेवा.

राहिला आताचा गोंधळ, म्हणजे आठ महिन्यांचं काही कुणाकडे आहे आणि काही नाही. मागचं उकरत बसू नका, ते होणार नाही, आणि झालं तरी दोन मित्र तुटतील. एक रविवार ठरवा, तिन्ही जीएम एका ठिकाणी, बेळगावलाच बोलवा, कुंदा वगैरे आणा, आणि प्रत्येकाने आपल्या कॅरेक्टरकडे आज काय आहे ते सांगायचं, सगळ्यांसमोर मोठ्याने. कुणी जास्त सांगत असेल तर शेजारी बसलेलाच हसतो, तेवढं पुरतं. ती पहिली ओळ, मागची शिल्लक म्हणून, तिघांच्या सह्या, आणि त्याच्या आधीचं विचारायचं नाही. एक वस्तू दोन जणांनी सांगितली तर फासे टाका, हरलेल्याला त्याच किमतीचं सोनं द्या. आमच्या त्या फायरबॉलच्या काठीचं पण आम्ही मागचं न उकरता मिटवलं होतं, एक ओळ खोडली आणि पोराला बॉसकडून मिळालेला एक्सपी तसाच राहू दिला, कारण मारला तर त्यानेच होता.

आणि त्यानंतर जो वही न आणता येईल त्याला परत पाठवू नका. त्याला ग्रुपमधल्या शेवटच्या फोटोवरून बसवा, फोटो पण नसेल तर तयार केलेली दोन-तीन कॅरेक्टर प्रत्येक जीएमने आपल्या फोल्डरमधे ठेवावीत, त्यातलं एक द्या, आणि त्या दिवशी मिळालेलं सोनं त्याच्या खऱ्या कॅरेक्टरच्या नावाने ग्रुपवर टाका म्हणजे घरी जाऊन तो लिहील. निपाणीच्या जीएमला हे पटणार नाही हे मला माहीत आहे, त्यांना म्हणावं आधी तीन महिने करून बघा आणि मग मला फोन करा, फक्त रात्री अकराला नको.